‘सायलेंट स्प्रिंग’ : शिरोळच्या शिवारातून वाचताना

पर्यावरणाचा पाठ शिकवताना रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकाचा उल्लेख हमखास होतो. किलबिल थांबलेले गाव, डीडीटी, १९७२ साली अमेरिकेत आलेली बंदी, एवढे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलांना हे पुस्तक कितपत पुरते, हे तपासावे असे आम्हांला वाटले.

पुस्तकाचे बळ त्यातल्या पुराव्यांत आहे. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक सरोवरात चिलटांसाठी डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी सोडले गेले. नंतरच्या खेपांत प्रमाण होते ५ कोटी भाग पाण्यात १ भाग. तरीही तिथले मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत ते दर दशलक्ष भागांत १६०० भागांपर्यंत सापडले. किती पट झाले? मुलांना करू द्या. उत्तर ८० हजार येईल. अन्नसाखळी शिकवायला याहून बोलके गणित आम्हांला माहीत नाही.

पण इथेच थांबलो तर एक गैरसमज रुजतो : विष हळूहळू साठते आणि कुठल्यातरी दूरच्या पक्ष्याला मारते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके डीडीटीइतकी टिकत नाहीत. पण ती कातडीतून आणि श्वासातून शरीरात शिरतात व मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणारे विकर बंद पाडतात. लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, कोंडणारा श्वास ही त्याची लक्षणे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कार्सन यांनी या गटातील पॅराथिऑनने बाधलेल्या मजुरांविषयीही लिहिले आहे. ती पाने आपण वगळतो. हा दोष पुस्तकाचा नव्हे, आपल्या वाचनाचा.

दुसरी उणीव मात्र पुस्तकाच्या मर्यादेतून येते. त्याचा विषय कीटकनाशके. खत आणि पाटाचे पाणी नव्हे. शिरोळ तालुक्यात हेच प्रश्न मोठे आहेत. काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की भूजल वर चढते. केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागी येते, उडून जाते आणि क्षार मागे उरतात. त्यालाच आपण खार फुटली म्हणतो. पिकाने न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन पाझरतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटवू शकते.

हे सांगताना शिक्षकाची अडचण आम्ही जाणतो. ज्या उसाच्या बिलावर वर्गातल्या मुलाची फी भरली जाते, त्याच उसाला दोषी कसे ठरवायचे? कार्सन इथे मदतीला येतात. त्यांनी सगळ्या कीटकनाशकांवर बंदी मागितली नव्हती. विचार न करता केलेल्या वापराला त्यांचा विरोध होता. तेव्हा ‘ऊस वाईट’ असे न म्हणता पाणी किती, खत किती, निचरा कुठे, असे विचारावे. सच्छिद्र नळ जमिनीखाली घालून क्षारपड रान पुन्हा पिकाखाली आणता येते, हेही सांगावे.

पुस्तक जरूर वाचावे. मात्र त्याआधी मुलांना एक प्रश्न विचारावा : तुमच्या घरी औषध कोण कालवतो, आणि कशाने?