डोळ्यांआडची गाडी

वाशीच्या खाडीपुलावरून १९९२ पासून लोकलगाड्या धावत आहेत. त्यांचा रात्रीचा खडखडाट दुरून कानी येत असतानाच अर्नोल्ड रिडले यांच्या ‘द घोस्ट ट्रेन’ या नाटकाची श्रुतिका आम्ही ऐकली. कॉर्नवॉलमधील एका ओसाड स्थानकात अडकलेले प्रवासी आणि तेथून जाणारी भुताची गाडी, हा तिचा विषय. १९२५ साली लंडनच्या रंगभूमीवर ही गाडी आली ती नादरूपाने; पडद्यामागे लाकडी पट्ट्यांवरून बागेतला जड रूळ ढकलून तिचा गडगडाट निर्माण करीत. नभोवाणीने हे नाटक जणू त्याच्या माहेरी पोहोचविले.

प्रत्येक नाटकास हे साधणार नाही. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मधील पणशीकरांची पाच सोंगे डोळ्यांनीच पाहावीत. येथे मात्र टेडी डीकिनची बाष्कळ बडबड काळोखात ऐकताना प्रथम हसू येते. ती क्षणभर थांबली की छातीत धस्स होते. चेहरा दिसत नसल्याने तिच्यामागे काय दडले आहे, हे ताडताही येत नाही. ते सांगून वाचकांचा रसभंग आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो, की येथे हास्य हाच रहस्याचा बुरखा आहे. विनोदाने भय पातळ होते असे मानणाऱ्या रसिकांनी दिवा मालवून ही श्रुतिका अवश्य ऐकावी.