पोलादी गुहांमधला खून

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका श्रोत्यानं आम्हांला गाठलं. म्हणाले, विज्ञानकथेत रहस्यकथा घालणं ही शुद्ध फसवणूक आहे. गाडी अडली की लेखक खिशातून नवं यंत्र काढणार आणि खुनी पकडणार. आक्षेप जुना आहे. संपादक जॉन कॅम्पबेल हेच म्हणत असत, असं आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. अ‍ॅसिमॉव्ह यांनी उत्तर म्हणून कादंबरीच लिहिली. ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’, पुस्तकरूपानं १९५४. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. खुनी कोण तेही आम्ही सांगणार आहोत. ज्यांना ते नको असेल त्यांनी चहा घेऊन यावा, आमचा राग नाही.

काळ आपल्यापासून पुष्कळ पुढचा. पृथ्वीवर आठ अब्ज माणसं आहेत आणि लेखकाला हा आकडा अतिप्रचंड वाटतो. (तो आपण २०२२ सालीच गाठला.) माणसं छताखालच्या अवाढव्य शहरांत राहतात, यीस्टपासून केलेलं अन्न खातात, सामायिक भोजनगृहात जेवतात. उघडं आकाश त्यांना सहन होत नाही. न्यूयॉर्कला लागून परग्रहावर वसलेल्या माणसांची छोटी वसाहत आहे, स्पेसटाउन. तिथे डॉक्टर सार्टन यांचा खून होतो. तपास पोलीस खात्यातल्या एलायजा बेली याच्याकडे येतो आणि जोडीला दिला जातो डॅनील, हुबेहूब माणसासारखा दिसणारा रोबो. सार्टननी त्याला स्वतःच्याच चेहऱ्यामोहऱ्याचा बनवलेला असतो.

आता कोडं बघा. स्पेसटाउनच्या दारावर झडती होते, शस्त्र आत नेता येत नाही. मोकळ्या रानातून चालत जावं, तर शहरातल्या माणसाला ते जमणार नाही. रोबो जाईल, पण रोबो माणसाला इजा करू शकत नाही, तो त्याचा पहिला नियम. म्हणजे जो मारू शकतो तो शस्त्र नेऊ शकत नाही, आणि जो नेऊ शकतो तो मारू शकत नाही. खोलीला आतून कडी असावी, तशीच ही रचना आहे. फक्त कडी माणसाच्या भीतीत आणि यंत्राच्या नियमात बसवली आहे. उत्तर एवढंच की काम दोघांनी वाटून घेतलं. सॅमी नावाच्या साध्या रोबोनं शस्त्र रानातून नेलं, चालवलं पोलीस कमिशनर एंडरबीनं. इथे कुठलंही नवं यंत्र खिशातून निघालेलं नाही.

खरं तर एक यंत्र आहे, आणि आम्हांला ते फार आवडतं. माणसाच्या मेंदूची घडण तपासून तो काय करू शकेल हे सांगण्याची सोय परग्रहवासीयांकडे आहे. एंडरबीची तपासणी होते. निष्कर्ष: हा जाणूनबुजून खून करूच शकत नाही. ते शंभर टक्के खरं ठरतं! त्याला माणूस मारायचाच नव्हता, डॅनीलला मोडायचं होतं. चष्मा फुटलेला, समोरचा चेहरा तोच, आणि गेले सार्टन. यंत्र बरोबर बोललं, ऐकणाऱ्यांनी चुकीचं ऐकलं. श्रोत्यांच्या त्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

बेली स्वतः दोनदा सपशेल चुकतो. एकदा तो सगळ्यांसमोर सांगतो की हा डॅनील रोबो नाहीच, हे सार्टनच आहेत. डॅनील शांतपणे हात उघडून आतलं धातूकाम दाखवतो. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या नायकांवर वाढलेल्या वाचकाला असा तोंडघशी पडणारा डिटेक्टिव्ह पचायला जरा वेळ लागतो. पण बेलीची घाई समजून घ्या. त्याच्या वडिलांचं पद आणि सवलती एका अपघातानंतर काढून घेतल्या गेल्या होत्या. ते लहानपण तो विसरलेला नाही. कचेरीत एका पोराची नोकरी आत्ताच सॅमीला दिली आहे. डॅनील खरोखर रोबो असेल, तर पुढची पाळी आपली, हे बेलीला कळतं. म्हणून तो पुराव्याआधी बोलून बसतो. तर्क कुठे घसरतो, तर पोटाच्या काळजीपाशी. हे लेखकानं नेमकं पकडलं आहे.

दोष आहेत. चष्म्याच्या काचेचे कण दाराच्या खाचेत सापडतात, तेही अगदी शेवटी, घटनास्थळाच्या चित्रफितीत. इतकी प्रगत मंडळी, आणि दाराची खाच कुणी बघितली नाही? शिवाय तो कण आपल्याला आधी दिसलेला नसतो. इथे वाचकाशी थोडी लबाडी झालीच. बेलीची बायको जेसी हिला लेखकानं रडण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नाही.

आणि शेवट. एंडरबीला शिक्षा होत नाही. पृथ्वीवरच्या माणसांनी पुन्हा नव्या ग्रहांवर जावं, या योजनेला त्यानं मदत करायची आणि बदल्यात प्रकरण मिटवायचं, असा सौदा ठरतो. पुष्कळांना हा शेवट उदात्त वाटतो. आम्हांला तो आजही टोचतो. सार्टनच्या वतीनं त्या खोलीत कोणीच बोलत नाही. त्यांचा चेहरा घेऊन उभा असलेला डॅनीलसुद्धा सौद्याच्याच बाजूचा.

पुस्तक पुन्हा वाचाल तेव्हा पहिल्या प्रकरणात थोडं थांबा. एंडरबीच्या कचेरीला बाहेर उघडणारी खिडकी आहे, जुन्या काळाची हौस म्हणून. डोळ्यांवर चष्मा आहे, तोही त्याच हौसेपोटी. दोन्ही आपल्यासमोर मांडून ठेवलेलं असतं, आणि आम्ही पहिल्या वाचनात ते वर्णन म्हणून वाचून पुढे गेलो होतो.