वहीतली तेरावी ओळ



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘रोजचं आत्मपरीक्षण आणि छोट्या सवयी’ असा छापलाय. संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “सर, लोकांना घरी जाऊन करता येईल असं काहीतरी सांगा.” मी म्हटलं, अहो, मी भाषेचा मास्तर. तीसेक वर्षं पुस्तकं शिकवली. लोकांना सवयी लावायचा मला काय अधिकार? माझ्याच किती सुटल्यात ते आमच्या घरी विचारा. पण या विषयावरची पुस्तकं कशी वाचावीत, एवढं मात्र सांगता येईल. तेव्हा आज उपदेश नाही. तीन पुस्तकं घेऊन आलोय, ती जरा तपासून बघू.

पहिलं पुस्तक तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी असणार. जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’. इंग्रजीत २०१८ साली आलं, मराठीतही आहे. निवृत्त झालो त्या वर्षी मुलीनं वाढदिवसाला दिलं. मी ते पेन्सिल हातात घेऊन वाचलं आणि सांगतो, पुस्तक चांगलं आहे. इच्छाशक्तीच्या जोरावर दात-ओठ खाऊन काही होत नाही, आजूबाजूची मांडणी बदला, असं ते सांगतं. फरसाणाचा डबा समोर ठेवायचा आणि मग मनाशी कुस्ती खेळायची, यापेक्षा डबा वरच्या फडताळात ठेवा. नवी सवय जुन्या सवयीला जोडा. सुरुवात इतकी लहान करा की टाळायला लाज वाटावी. यात खोट काढण्यासारखं काही नाही.

पण या पुस्तकातलं जे सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतं, ते त्यातलं गणित. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर तुम्ही सदतीसपट व्हाल. एक पूर्णांक एक शतांश या आकड्याचा ३६५ वेळा गुणाकार केला तर उत्तर ३७.७८ येतं. गणित बरोबर आहे. प्रश्न असा की ते कशाचं गणित आहे? ते चक्रवाढ व्याजाचं आहे. बँकेत व्याजावर व्याज चढतं, म्हणून रक्कम फुगते. माणूस तसा फुगत नाही. मी आज वीस मिनिटं चाललो आणि रोज एक टक्का वाढवत गेलो, तर वर्षानं मला साडेबारा तास चालावं लागेल! (हशा.) लेखकानं हे रूपक म्हणून वापरलं असेल, मान्य. पण रूपक निवडलं कुठलं, ते समीक्षकानं बघायचं असतं. ठेवीचं रूपक घेतलं की मी स्वतःकडे ठेव म्हणूनच बघायला लागतो. किती वाढलो? व्याज किती सुटलं?

तसंच ते ‘एकवीस दिवसांत सवय लागते’. हे आपल्याकडे शाळेच्या फळ्यापासून योगवर्गापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकाकडे जातं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ गळाला, चेहराही गळाला आणि एकवीस तेवढे उरले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर अभ्यास केला. सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, एवढा फरक. आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. पुस्तकांच्या जाहिरातीत हे येत नाही, कारण त्यात मंत्र नाही. धीर मात्र आहे.

आता दुसरं पुस्तक. या सगळ्या वह्यांचा जणू खापरपणजोबा शोभेल असा माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. छापखानेवाला, विजेवर प्रयोग करणारा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. त्याच्या आत्मचरित्राचा दुसरा भाग त्यानं १७८४ साली पॅरिसजवळच्या पासी गावी लिहिला. तेव्हा तो ७८ वर्षांचा होता आणि आपल्या तरुणपणची एक वही आठवत होता.

ती वही अशी. तेरा गुणांची यादी: मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतपणा, शील, नम्रता. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईनं आखलेले आठवड्याचे सात रकाने आणि गुणांच्या तेरा ओळी. दिवसभरात ज्या गुणात चूक झाली, त्याच्यापुढे काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचं. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. सकाळी उठल्यावर स्वतःला विचारायचं की आज कोणतं चांगलं काम करणार; रात्री विचारायचं की कोणतं केलं.

आजची अ‍ॅप्स हेच करतात. ठिपक्याच्या जागी हिरवी खूण, एवढंच. पण या वाटेनं जाणाऱ्यांनी फ्रँकलिनकडून तक्ता घेतला आणि तक्त्याभोवतीची गोष्ट टाकून दिली. माझं आजचं म्हणणं त्या गोष्टीबद्दल आहे.

गोष्ट काय आहे? पहिलं म्हणजे, वही फाटली. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढायचे, असं करता करता कागदाला भोकं पडली. मग त्यानं तो तक्ता हस्तिदंती पानांच्या टाचणवहीवर उतरवला, म्हणजे ओल्या स्पंजनं ठिपके पुसता येतील. दुसरं, व्यवस्थितपणा त्याला जन्मभर जमला नाही. कागद जागच्या जागी ठेवणं, वेळच्या वेळी काम करणं यात तो हरला, आणि तसं तो मोकळेपणानं लिहितो. तिथं तो एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. एका माणसाला आपली कुऱ्हाड धारेइतकीच सगळीकडून चकचकीत हवी असते. लोहार म्हणतो, देतो करून, तू चाक फिरव. फिरवून फिरवून तो माणूस दमतो आणि शेवटी म्हणतो, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते! फ्रँकलिन स्वतःवर हसतोय. सदतीसपट झालो, असं तो कुठेही म्हणत नाही. ठरवलं होतं तिथं पोचलो नाही, पण प्रयत्न केला नसता तर आणखी मागे राहिलो असतो, एवढंच त्याचं म्हणणं.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. यादीत आधी बाराच गुण होते. तेरावा, नम्रता, त्याला स्वतःला सुचलाच नाही. क्वेकर पंथातल्या एका मित्रानं त्याला सांगितलं, लोक तुला गर्विष्ठ समजतात. बोलताना तू दुसऱ्याला दाबून टाकतोस. नुसतं म्हणून थांबला नाही, दाखले दिले. तेव्हा कुठे फ्रँकलिननं तेरावी ओळ आखली.

बघा हं, हा बुद्धिमान माणूस. स्वतःला सुधारायला बसलाय, वही तांबड्या शाईनं आखलीय, रोज रात्री हिशेब करतोय. आणि त्याचा जो दोष सगळ्या गावाला दिसतोय, त्याला त्या वहीत जागाच नाही. तो मुद्दाम लपवतोय असंही नाही. आपण जे रकाने आखतो, त्यातलेच ठिपके आपल्याला दिसतात.

आणि हे नम्रतेपुरतं थांबत नाही. यादीत न्याय होता. कुणाचं वाईट करू नये, आपलं कर्तव्य असलेलं भलं टाळू नये, असा त्याचा अर्थही त्यानं लिहून ठेवला होता. याच फ्रँकलिनच्या घरी कित्येक वर्षं गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. न्यायाच्या ओळीत त्याबद्दल ठिपका पडलेला आत्मचरित्रात कुठे दिसत नाही. १७६३ साली तो फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांची शाळा बघायला गेला. त्या मुलांना शिकताना पाहून त्यांच्या कुवतीबद्दलचं आपलं मत पुष्कळ उंचावलं, असं त्यानं पत्रात लिहिलं. पुढे १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० च्या फेब्रुवारीत गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर त्याची सही आहे, आणि एप्रिलमध्ये तो वारला. इतका मोठा पल्ला, आणि तो गाठायला आयुष्य सरत आलं. वही होती तरीही. मला दिसतं ते असं, की या बदलाची खूण वहीत सापडत नाही. सापडते ती तो एका शाळेच्या दारातून आत गेला तिथं.

आता क्लिअर यांच्यावर अन्याय नको. त्यांच्याही पुस्तकात दुसरा माणूस येतो. तुमच्या सवयीवर नजर ठेवणारा जोडीदार शोधा, असं एक प्रकरण आहे. शेवटच्या प्रकरणात आत्मपरीक्षणही आहे. पण तो जोडीदार काय करतो? तुम्ही ठरवलेलं तुम्ही केलंत का, एवढं बघतो. म्हणजे तो पहारेकरी झाला. फ्रँकलिनचा मित्र पहारा करत नव्हता. तुझी यादीच अपुरी आहे, असं तो सांगत होता. पुस्तकाच्या दोन जातींमधला फरक मला इथं दिसतो.

तिसरं पुस्तक आपल्या घरचं. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं, १९३५ साली प्रसिद्ध झालं. आपण ते रडण्याचं पुस्तक करून टाकलंय. पण त्याची रचना बघा. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम रोज एक आठवण सांगतो. एकेका प्रकरणाला नावच ‘रात्र’. बेचाळीस रात्री. म्हणजे हीसुद्धा रोजच्या हिशेबाची वहीच आहे. फक्त ती मित्रांसमोर मोठ्यानं वाचलेली आहे आणि तिच्यातल्या ओळी आईनं आखलेल्या आहेत. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला ओचे पसरायला लावतो, तो प्रसंग सगळ्यांना पाठ असेल. पोराच्या यादीत पायांची स्वच्छता होती. मनाची ओळ आईनं घातली, तीही त्याचा हट्ट पुरवून झाल्यावर.

या पुस्तकाचीही मर्यादा आहे. त्यात आईला चुकायला जागा नाही. ओळ आखणारा माणूस इतका उंचावर बसला, की वाचणाऱ्याच्या हाती पश्चात्तापच उरतो, आणि पश्चात्तापानं उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. तिथं मला क्लिअर हवेत. फरसाणाचा डबा कुठे ठेवायचा, ते गुरुजी सांगत नाहीत.

आता स्वतःचं सांगतो, कारण नाहीतर हे सगळं पुस्तकीच राहील. मुलीनं दिलेलं पुस्तक वाचून मीही वही केली. पाच रकाने: चालणं, साखर बंद, दहा पानं वाचन, दहा मिनिटं शांत बसणं, रात्री पाच ओळी लिहिणं. अकरा महिने वही चालली. मी खूश. आमची आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. डोळ्यांचा पडदा खराब झालेला. माणूस ओळखायची, पण अक्षर दिसायचं नाही. जन्मभर सकाळी पेपर वाचलेली बाई. “अरे, जरा पेपर वाचून दाखवतोस का?” असं ती अधूनमधून म्हणायची. मी म्हणायचो, “आई, माझी दहा पानं होऊ देत, मग वाचतो.” ती पानं झाली की दुसरा रकाना उभा असायचा.

एक दिवस ती सहज म्हणाली, रागानं नाही, “दहा पानं मोठ्यांदा वाचलीस तर तुझी वही बाटते का रे?”

रात्री मी ती अकरा महिन्यांची वही काढून बसलो. पाच-पाच ओळी रोजच्या. हवा कशी होती, गुडघा कसा होता, मन कसं होतं, सगळं होतं. शेजारच्या खोलीतली आई त्यात दोन वेळा होती. दोन्ही वेळा तिच्या औषधांच्या बिलापुरती.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं वाचायला लागलो. आधी पेपर, मग माझी दहा पानं. ती मध्येच थांबवायची, “हा माणूस उगाच लांबवतोय,” म्हणायची. समीक्षक म्हणून ती माझ्यापेक्षा बरी होती. सवय तीच, वेळ तीच, पानंही तेवढीच. रकाना मात्र माझा एकट्याचा राहिला नाही.

एवढंच सांगायचं होतं. वही ठेवा, मी आजही ठेवतो. ठिपके पडू द्या. पण वर्षातून एकदा घरच्या कुणाच्या तरी हातात ती द्या आणि विचारा, यात काय राहिलंय? उत्तर आवडणार नाही, तरी एक ओळ कोरी ठेवून जा.

(टाळ्या. यानंतर श्रोत्यांमधून एक प्रश्न आला.)

प्रश्न : सर, मी एकटा राहतो. मला तेरावी ओळ कोण सांगणार?

उत्तर : चांगला प्रश्न विचारलात, आणि याला सोपं उत्तर नाही. घरात माणूस असूनसुद्धा मला ऐकू यायला अकरा महिने लागले, हे लक्षात घ्या. पण एक करून बघा. गेल्या वर्षभरात तुमचं ज्याच्याशी वाजलं असेल, सोसायटीत, ऑफिसात, भावाशी, त्याची तक्रार नेमकी काय होती ती त्याच्या शब्दांत लिहून काढा. आपलं उत्तर लिहू नका, फक्त त्याची तक्रार. सगळी खरी नसेलही. पण थोडी असेल, आणि तेवढी आपल्याला पुरते. जमलं तर त्याला एकदा फोन करा. फोन लागला तर वहीचं मग बघू.