रेटिंग ३०० म्हणजे स्थिर घड्याळ नव्हे

लिनक्स कर्नल क्लॉकसोर्स कसा निवडतो, हे वाचायला अगदी सोपं आहे. प्रत्येक टायमरचा ड्रायव्हर स्वतःचं रेटिंग सांगतो. ज्याचं जास्त, तो निवडला जातो. जिफीजचं रेटिंग १, तर ४०० च्या पुढचे टायमर आदर्श समजायचे. माझा आक्षेप या आकड्यावरच आहे. तो कोणी मोजलेला नाही, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने टाकलेला आहे. टायमर किती बारीक मोजतो आणि किती स्थिर आहे, हे दोन्ही एकाच आकड्यात कोंबलंय.

झायलिंक्सची झिंक-७००० चिप बघा. तिच्यातल्या कॉर्टेक्स-ए९ कोअरसोबत ६४ बिटी ग्लोबल टायमर येतो, रेटिंग ३००. शिवाय कॅडेन्सचा टीटीसी आहे, रेटिंग २००. आकडा बघून कोणीही पहिलाच घेईल. पण हा टायमर सीपीयूच्या निम्म्या क्लॉकवर चालतो. सीपीयू ६६६ मेगाहर्ट्झवर असताना टायमर ३३३ वर. सीपीयूफ्रेकने सीपीयू ३३३ वर आणला की टायमर १६६.५ वर. टिकांचे नॅनोसेकंद करायचा गुणक मात्र कर्नलने बूट होतानाच ठरवलेला असतो. भरपाई केली नाही, तर खरा एक सेकंद अर्धा दिसतो.

आता समजा, तुम्ही वीजबचतीवर पेपर लिहिताय. फ्रिक्वेन्सी निम्मी केलीत, लूपला खरा वेळ दुप्पट लागला, पण घड्याळही निम्म्या वेगाने चाललं. तक्त्यात वेळ तेवढाच! ‘वीज वाचली, वेग घटला नाही.’ हवं तेच उत्तर आलं की कोण शंका घेतो?

मेनलाइन कर्नलला हे माहीत होतं. टीटीसीचा क्लॉकही सीपीयूसोबत बदलतो, पण त्याचा ड्रायव्हर तो बदल ऐकून प्रीस्केलर जुळवून घेतो. ग्लोबल टायमरचं काय? सीपीयूफ्रेक चालू असेल तर झिंकच्या केकॉन्फिगमध्ये तो निवडलाच जायचा नाही. म्हणजे खरी माहिती केकॉन्फिगच्या एका ओळीत, आणि रेटिंग आपलं ३०० वरच. २०२१ मध्ये ग्लोबल टायमरलाही भरपाई मिळाली: सुरुवातीलाच प्रीस्केलरने भागायचं, क्लॉक उतरला की भागाकार कमी करायचा. रिझोल्यूशन थोडं जातं. नवी फ्रिक्वेन्सी नीट भागली जात नसेल, तर ड्रायव्हर तो बदलच नाकारतो. मला हा नकार फार आवडला. चुकीची वेळ सांगण्यापेक्षा हे बरं.

एक्स८६ वर टीएससीला दुसऱ्या टायमरशी ताडून बघणारा वॉचडॉग असतो. या बोर्डावर ते काम तुमचं. जुना किंवा कोणी बदललेला कर्नल हाती आला, तर आधी सिसएफएसमधली ‘करंट_क्लॉकसोर्स’ ही फाइल वाचा. मग बूट झाल्यावर फ्रिक्वेन्सी निम्मी करा, ‘स्लीप ६०’ द्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. दोन मिनिटं लागली, तर आतापर्यंतची रीडिंग बाजूला ठेवा.