एक खरं माप

ऑटोकॅडमध्ये स्केल आज्ञेसाठी एससी टाइप करून एंटर मारा, ड्रॉइंग निवडून पुन्हा एंटर मारा. मग येणारा ऑटोकॅडचा पहिला प्रश्न मापाचा नसतो. ‘स्पेसिफाय बेस पॉइंट’, असं ते विचारतं. आता सगळं जागचं हलणार आहे, तर न हलणारा बिंदू कोणता, ते आधी सांग. हा प्रश्न मला फार आवडतो. आकार वाढवायचा म्हणजे एका ठिकाणी पाय घट्ट रोवायचा आणि बाकी साऱ्या रेषा त्या पायापासून त्याच प्रमाणात दूर न्यायच्या. प्लॉटचा कोपरा बेस पॉइंट धरला, तर प्लॉट त्या कोपऱ्याला धरूनच फुलतो. बिंदू कुठेतरी लांब पडला, तर ड्रॉइंग मोठं होता होता पडद्याबाहेर निघून जातं आणि मग ते शोधत बसावं लागतं.

ही जाण संगणकाच्या आधीची आहे. ख्रिस्टोफ शायनर या जर्मन पाद्र्याने 1603 साली पँटोग्राफ बनवला. चार पट्ट्या खिळीने जोडलेल्या. एक टोक टेबलाला पक्कं, एका टोचणीने मूळ चित्राच्या रेषेवरून फिरायचं, तर पलीकडची पेन्सिल तीच रेषा मोठी काढते. पक्कं टोक, टोचणी आणि पेन्सिल कायम एका सरळ रेषेत राहतात, सगळं गणित तेवढ्यात आहे. ते पक्कं टोक म्हणजेच आपला बेस पॉइंट.

पँटोग्राफला मात्र पट आधी ठरवून द्यावी लागे. खिळी कोणत्या भोकात घालायची ते माणसाने ठरवायचं. ऑटोकॅडचा दुसरा प्रश्न इथे एक पाऊल पुढे जातो: स्केल फॅक्टर दे, नाहीतर कॉपी किंवा रेफरन्स निवड. या आज्ञेचा जीव त्या ‘रेफरन्स’ शब्दात आहे.

समजा, जुन्या घराचा स्कॅन केलेला नकाशा हाताखाली आहे. पडद्यावर खोलीची लांबी 4.37 भरते आणि साईटवर टेप लावली तर 4.50 मीटर. कॅल्क्युलेटर काढला की आकडा येतो 1.02974828 आणि पुढे चालूच. नवखा हात 1.03 टाकून मोकळा होतो. खोली 4.501 होते, मिलीमीटरभराचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याच नकाशात 45 मीटरची कुंपणभिंत असेल, तर तिथे 11 मिलीमीटर जास्त येतात. रेफरन्समध्ये असं होत नाही. आर दाबायचं, भिंतीच्या दोन टोकांवर क्लिक करायचं आणि 4.5 लिहायचं. भागाकार सॉफ्टवेअर स्वतः करतं, पंधरा-सोळा अंकांपर्यंत. ते तुमच्याकडून गणित मागत नाही, ठाऊक असलेलं एक खरं माप मागतं. टेप धरणाऱ्याजवळ तेच तर असतं!

आता सगळा भार त्या दोन क्लिकवर येतो. कॅडमध्ये काढलेल्या रेषेला ऑब्जेक्ट स्नॅप असतो, एंडपॉइंटचा छोटा चौकोन दिसला की टोक नेमकं सापडलं. स्कॅनमधल्या रेषेला टोकच नसतं. तिथे शाई पसरलेली असते, आणि झूम करत गेलं की कोपऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके उरतात. अशा वेळी क्लिक दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच. साडेचार मीटरच्या भिंतीवर ती चूक झाली, तर 45 मीटरवर ती वीस सेंटीमीटर होऊन बसते. तीच चूक 45 मीटरच्या कुंपणावर क्लिक करताना झाली, तर साडेचार मीटरच्या खोलीत ती दोन मिलीमीटर उरते. म्हणून सर्वांत लांब, खात्रीचं माप शोधायचं आणि तेच धरायचं. आणि एक आडवं माप पडताळून घ्यायचं, कारण कागद दमट हवेत दोन्ही दिशांना सारखा फुगत नाही. स्केल मात्र दोन्ही दिशांना एकच पट लावतं.

हा त्याचा गुणही आहे आणि मर्यादाही. दहा फुटांची खोली बारा फुटांची हवी म्हणून कुणी स्केल वापरलं, तर नऊ इंची भिंत 10.8 इंचांची होते आणि तीन फुटी दार 3.6 फुटांचं. वीट काही वाढत नाही. तिथे स्ट्रेच ही आज्ञा हवी: उजवीकडून डावीकडे निवडीची चौकट ओढून एका बाजूची भिंत धरायची आणि दोन फूट सरकवायची, जाडी तशीच राहते. मोठं करणं आणि लांबवणं यांतला हा भेद ज्याला कळला, त्याच्या ड्रॉइंगबद्दल गवंड्याला परत विचारावं लागत नाही.

मोजणीचा नकाशा स्कॅन करून चढवताना मी आणखी एक गोष्ट करतो. लांबीत दोन टक्के चूक म्हणजे क्षेत्रफळात चार टक्क्यांहून थोडी जास्त, कारण पट दोनदा गुणली जाते. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे 10,890 चौरस फुटांच्या जमिनीवर ती 440 चौरस फूट भरते. एका खोलीचं अख्खं घर बसेल एवढी जागा! म्हणून रेफरन्स देऊन झालं की हद्दीवरून बंद पॉलीलाइन काढतो, एरिया आज्ञा देतो आणि शेजारी सातबारा उघडून ठेवतो. आकडा जुळला की मगच पहिली भिंत काढायला घेतो.