बादली आणि माती

पृथ्वीच्या हवामानाची प्रतिरूपे कशी चालतात हे समजून घ्यायचे, तर आरंभ कोठून करावा? मी तरी लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या 'वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमेरिकल प्रोसेस' या १९२२ सालच्या पुस्तकाचे नाव घेईन. संगणक जन्माला येण्यापूर्वीचे हे पुस्तक एका फसलेल्या गणितावर उभे आहे, आणि तरीही ते टिकले.

रीत थोडक्यात अशी. हवेचे चौकोनी रकाने पाडायचे, त्यांचे एकावर एक थर मानायचे आणि प्रत्येक घरातला दाब, वारा, उष्णता व बाष्प शेजारघरांशी देवघेव करून पुढे किती बदलेल ते निसर्गनियमांनी मोजायचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर सेवा करताना रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसाचे असे गणित हाताने केले. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने चढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता! हे उत्तर त्यांनी दडवले नाही, साद्यंत छापले. पुढे पीटर लिंच यांनी दाखवून दिले की, दोष मूळ रीतीत नव्हता. आरंभीच्या नोंदींत दाब आणि वारा यांचा मेळ नव्हता. तो बसवताच तेच गणित ताळ्यावर आले.

या ग्रंथावर लिहिणारे बहुधा ६४,००० गणकांनी भरलेल्या त्या प्रचंड नाट्यगृहाच्या कल्पनेवरच रेंगाळतात. मला मातीची पाने अधिक मोलाची वाटतात. जमिनीतली ओल, तिच्यात मुरणारी उष्णता, पानांवाटे जाणारी वाफ यांना रिचर्डसन आकाशाच्या हिशेबात जागा देतात. मात्र त्यांना काहीच गाळवत नाही, हा ग्रंथाचा दोषही मानला पाहिजे.

गाळण्याचे धाडस स्युकुरो मानाबे यांनी केले. २०२१ च्या भौतिकीच्या नोबेलचे ते एक मानकरी. त्यांच्या १९६९ च्या मांडणीत सगळी जमीन म्हणजे १५ सेंटीमीटर पाणी मावणारी बादली. पावसाने ती भरते, भरली की वाहते, रिती होऊ लागली की बाष्पीभवन मंदावते. एवढ्या साध्या रूपकाने जमीन आणि आकाश यांचे नाते गणितात चालू लागले, ही त्याची थोरवी.

पण बादली सर्वत्र एकाच मापाची! काळी जमीन आणि तांबडी माती तिला सारखीच. शिवाय त्या काळच्या प्रतिरूपांतली एकेक चौकट काहीशे किलोमीटरची. आपल्या खानापूरचे भिजलेले रान आणि अथणीचे कोरडे शिवार एकाच चौकटीत मावेल. त्या सरासरीचा पाऊस मात्र कोणाच्याच शेतात पडत नाही.

आजच्या प्रतिरूपांत मातीचे थर आले, मुळे आली, पानांची रंध्रे आली. एका अर्थी रिचर्डसन यांची ती पाने पुन्हा उघडली गेली. तरी अनेक जागतिक प्रतिरूपांची चौकट अजून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पीक बदलावे का, विहीर खोल न्यावी का, हे ठरवणाऱ्याने अशा आकड्यांकडे पाठ फिरवू नये. पण चौकट केवढी, तिच्यात माझी माती कोणती, हे विचारल्याशिवाय मानही डोलावू नये. हे प्रश्न विचारायला शिकवणारे पुस्तक म्हणून रिचर्डसन आजही वाचावेत.