नापसंत निशाणांची वही

नाकारल्या गेलेल्या राष्ट्रध्वजांची चित्रे जमवण्याचा नाद मला पंचवीस वर्षांपासून आहे. पण नुसते चित्र फसवते, हे १९३१ च्या केसरी ध्वजाने मला शिकवले.

त्याआधी १९२१ मध्ये गांधीजींनी पुरस्कारलेल्या ध्वजात तांबडा पट्टा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा, असा अर्थ होता. पट्टे धर्मांना वाटून दिले की मोजणी सुरू होते. शिखांनीही आपला रंग मागितला. म्हणून एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने समिती नेमली. तीत पट्टाभी सीतारामय्या, वल्लभभाई, जवाहरलाल, आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर आणि डॉ. हर्डीकर होते. त्यांनी सुचवले ते सबंध केसरी कापड, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी चरखा.

हे चित्र आज संदर्भातून कापून दाखवले जाते. कोणी ते ‘आपला खरा ध्वज’ म्हणून मिरवतो, तर कोणी त्यावरून समितीलाच जातीय ठरवतो. दोघांनीही अहवाल पाहिलेला नसतो. ध्वज कोणत्याही जमातीचा वाटू नये आणि रंग एकच असावा, ही समितीची भूमिका होती. रंग एकच म्हटल्यावर वाटणीला जागाच राहत नाही. केसरी निवडला गेला तो या हिशेबाने.

युक्तिवाद चोख, प्रतीक मात्र मला दुबळे वाटते. समितीने ठरवले म्हणून रंग आपली स्मृती टाकत नाही. भगवे कापड पाहून मराठी माणसाला काय आठवते, हे साताऱ्यात जन्मलेल्या कालेलकरांना ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे?

ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही शिफारस नाकारली आणि केसरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा स्वीकारला. मात्र रंगांना जातीय अर्थ नाही, असेही तिथेच ठरले. केसरी धैर्य आणि त्यागाचा झाला. म्हणजे समितीचे कापड गेले, तिचा मुद्दा राहिला. संग्राहकांच्या चित्रांखालच्या दोन ओळींत नेमके हेच गळते.

मी तो ध्वज शिंप्याकडून शिवून घेतला आणि अंगणात काठीला बांधला. पंचवीस पावलांवरून तपकिरी चरखा दिसेनासा झाला. शेजारच्या काकूंनी विचारले, “कुठल्या देवळाचं निशाण हो हे?”